तीन मजले, एक नेटवर्क

खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची आणि गच्चीला लागून एक खोली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहराच्या कडेला गेलं की अशी रो-हाउस आणि छोटे बंगले रांगेनं दिसतात. इंटरनेटची फायबर बहुतेक घरांत खालच्या हॉलच्या खिडकीतून आत येते. जोडणी करायला आलेला माणूस टीव्हीशेजारी प्लग बघतो, तिथेच राउटर भिंतीला लावतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि निघतो. हॉलमध्ये सगळं छान चालतं. अडचण वर सुरू होते. मुलीचा ऑनलाइन क्लास मध्येच अडकतो, गच्चीवरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करणाऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटतो आणि वरच्या कॉम्प्युटरवरून खालच्या प्रिंटरला पाठवलेलं पान छापलंच जात नाही. मग घरात ठरतं की नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊ. बिल वाढतं, वरची अडचण तशीच राहते.

अशा घरांत दोष बहुतेक वेळा प्लॅनचा नसतो, मधल्या स्लॅबचा असतो. म्हणून या प्रकरणाचं सांगणं एका वाक्यात असं: स्लॅब केबलनं ओलांडावा आणि खोली वायफायनं भरावी. हे का करायचं आणि कसं करायचं, ते आता क्रमानं पाहू.

इंटरनेट वेगळं, घरचं नेटवर्क वेगळं

पहिली गोष्ट मनात पक्की करायला हवी. इंटरनेट कंपनी तुमच्या राउटरपर्यंत इंटरनेट आणून देते, तिथे तिचं काम संपतं. राउटरपासून पुढे घरातले कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे यांना जोडणारं जे जाळं आहे ते तुमचं आहे. ते इंटरनेट बंद असतानाही चालतं. वरच्या कॉम्प्युटरवरून खालच्या प्रिंटरला पान पाठवायला किंवा खालच्या कॉम्प्युटरमधले फोटो वरच्या लॅपटॉपवर बघायला इंटरनेटची काहीच गरज नसते.

घरातलं जाळं चांगलं असेल तर किती फरक पडतो ते एका उदाहरणानं पाहू. घरातल्या लग्नाचं ४० जीबीचं चित्रीकरण खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्या कॉम्प्युटरवर न्यायचं आहे. स्लॅबमधून कसाबसा पोचणारा वायफायचा दुवा सेकंदाला २० मेगाबिट देत असेल, तर ८ बिट म्हणजे एक बाइट या हिशेबानं सेकंदाला अडीच मेगाबाइट होतात. कॉपी व्हायला साडेचार तास लागतील. दोन्ही कॉम्प्युटर गिगाबिट केबलनं जोडलेले असतील आणि त्यांच्या डिस्क तेवढ्या वेगाच्या असतील, तर तेच काम सहा-सात मिनिटांत होतं. या दोन आकड्यांमध्ये इंटरनेटचा प्लॅन कुठेच येत नाही.

पाच इंच काँक्रीट काय करतं

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. घरातले राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटर. हे पट्टे वापरायला आपल्याला परवाना काढावा लागत नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं १९८५ मध्ये अशा पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनाला वाट करून दिली, १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिलं तांत्रिक मानक आलं आणि १९९९ पासून ‘वाय-फाय’ हे नाव रुळलं. भारतात २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ मध्ये तसाच मोकळा झाला. आजच्या घरगुती वायफायचा पाया या निर्णयांनी घातला.

परवाना नाही म्हणून शक्तीला मर्यादा आहे. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीनं लहरी सोडतो. ही शक्ती अंतराबरोबर फार झपाट्यानं घटते, म्हणून ती डेसिबलमध्ये मोजतात. या मापात ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल घट म्हणजे शक्ती दहावा भाग आणि २० डेसिबल घट म्हणजे शंभरावा भाग. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलनं उतरतो.

आता भिंती आणि स्लॅब पाहा. प्लायवूडचं पार्टिशन किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग जेमतेम दोन-तीन डेसिबल खातं. साडेचार इंची विटेची भिंत त्याहून जास्त खाते, नऊ इंची आणखी जास्त. आपल्याकडच्या घरातला आरसीसी स्लॅब पाच-सहा इंच जाडीचा असतो, त्यात सळ्यांची जाळी असते, वर फरशीखाली भर असते. २.४ गिगाहर्ट्झवर असा स्लॅब ढोबळमानानं १० ते २० डेसिबल खातो, ५ गिगाहर्ट्झवर त्याहून अधिक. मधला आकडा १५ धरला, तर एक स्लॅब म्हणजे मोकळ्या जागेत अंतर साडेपाच पट वाढवल्यासारखं झालं. दोन स्लॅब म्हणजे ३० डेसिबल, म्हणजे हजारातला एक भाग उरला. हॉलमधला राउटर गच्चीवरच्या खोलीत का पोचत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे.

त्यात आणखी एक गोष्ट भर घालते. लहर स्लॅबमधून तिरकी गेली तर तिला जास्त काँक्रीट कापावं लागतं. राउटर हॉलच्या एका टोकाला आणि वरची खोली दुसऱ्या टोकाला असेल, तर लहर जमिनीशी तीस अंशांचा कोन करून जाते आणि पाच इंचांच्या स्लॅबमध्ये तिला दहा इंच प्रवास घडतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंती हाच परिणाम आडव्या दिशेनं करतात, आणि पावसाळ्यात ओल धरली की त्या आणखी सिग्नल खातात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांचं टँक हेही वाटेत आले की तेवढ्या दिशेला सावली पडते.

वायफाय हा दुतर्फा संवाद आहे, हेही विसरू नये. राउटरचा आवाज वर पोचला तरी मोबाइलचा आवाज खाली पोचायला हवा, आणि मोबाइलची शक्ती राउटरपेक्षा कमी असते. म्हणूनच मोबाइलवर दोन-तीन दांड्या दिसत असूनही पान उघडत नाही. नुसता जास्त शक्तीचा, सहा अँटेनांचा राउटर विकत आणून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

आधी मोजा

खर्च करण्याआधी मोजमाप करावं. अँड्रॉइड मोबाइलवर सिग्नलचा आकडा दाखवणारी मोफत ॲप मिळतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरशेजारी उणे ३० दिसेल. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ पर्यंत हवा. उणे ७५ च्या खाली अडखळणं सुरू होतं आणि उणे ८५ ला जोडणी नावापुरती उरते. उणे ६७ म्हणजे प्रत्यक्षात एका मिलिवॉटचा सुमारे पन्नास लाखावा भाग. एवढ्याशा शक्तीतून आपला मोबाइल चित्र आणि आवाज वेगळे काढतो, ही अभियांत्रिकीची मोठी करामत आहे आणि तिचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

घराचा साधा नकाशा कागदावर काढा. प्रत्येक खोलीत जिथे प्रत्यक्ष बसून काम करता तिथे उभे राहा, दार नेहमी असतं तसं ठेवा आणि दोन्ही पट्ट्यांचे आकडे लिहा. मग राउटरशेजारी आणि वरच्या खोलीत एकच स्पीड टेस्ट करा. राउटरशेजारीही वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे, कंपनीला फोन करा. राउटरशेजारी पूर्ण आणि वर कमी असेल, तर दोष घरात आहे आणि तो आपणच दूर करू शकतो.

राउटरची जागा

बिनखर्चाचा पहिला उपाय म्हणजे राउटर हलवणं. टीव्हीच्या मागे, कपाटात, शोकेसच्या काचेमागे तो ठेवू नये. दोन मजल्यांच्या घरात सर्वांत चांगली जागा सहसा जिन्याजवळ असते, कारण जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो. लहरी तिथून भिंतींवर आपटत वर पोचतात. जिन्याच्या मधल्या चौकात, डोक्याच्या उंचीवर ठेवलेला राउटर हॉलच्या कोपऱ्यातल्या राउटरपेक्षा दोन्ही मजल्यांना जास्त न्याय देतो. फायबरची पातळ केबल आत घेतानाच तिथपर्यंत न्यायला सांगावी. नंतर सांगितलं तर तार कमी पडते.

अँटेनाचाही विचार हवा. राउटरच्या काठीसारख्या अँटेनातून लहरी सगळीकडे सारख्या जात नाहीत. उभ्या अँटेनाभोवती त्या आडव्या ठेवलेल्या मेदूवड्याच्या आकारात पसरतात: चारही बाजूंना भरपूर आणि बरोबर वर-खाली, म्हणजे भोकाच्या दिशेला, फारच कमी. खोली राउटरच्या नेमकी डोक्यावर असेल तर एक अँटेना उभी ठेवून दुसरी आडवी करावी. एवढ्यानं काही वेळा पाच-सहा डेसिबलचा फायदा होतो. राउटरच्या आतच अँटेना असतील तर तो आडवा आणि उभा, दोन्ही तऱ्हांनी ठेवून आकडे पाहावेत.

वरच्या मजल्यावर टेबलावरचा जुना कॉम्प्युटर असेल तर त्याला वायफायचा यूएसबी डाँगल लावतात. तो पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसतो आणि अर्धा सिग्नल तिथेच जातो. शिवाय यूएसबी ३ च्या पोर्टमधून होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झला त्रास देतो. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डाँगल टेबलावर ठेवला की फरक लगेच दिसतो.

वर जाण्याच्या वाटा

जागा बदलूनही भागलं नाही, तर चार वाटा उरतात.

पहिली रिपीटरची. हे स्वस्त उपकरण सिग्नल ऐकतं आणि पुन्हा बोलतं. ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. सगळी केंद्रं एकाच चॅनेलवर बोलत, दोघं एकदम बोलले की संदेश बिघडे आणि मग थोडं थांबून पुन्हा बोलावं लागे. वायफायचा गाभा आजही तोच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, आधी ऐकायचं, मग बोलायचं. रिपीटरला प्रत्येक गोष्ट एकदा ऐकून परत एकदा बोलावी लागते, म्हणून एकाच रेडिओच्या रिपीटरवर वेग साधारण निम्मा होतो. रिपीटर घ्यायचाच असेल तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नये. जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे, अशा मधल्या जागी लावावा. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार?

याच नियमामुळे आणखी एक गोष्ट घडते. वरच्या खोलीतलं कमकुवत सिग्नलचं उपकरण फार हळू बोलतं आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतं. म्हणजे वरच्या खोलीतल्या खराब जोडणीचा भुर्दंड खाली राउटरशेजारी बसलेल्यालाही पडतो.

दुसरी वाट मेशची. दोन-तीन सारखी उपकरणं एकमेकांशी ताळमेळ ठेवून एकच नेटवर्क उभं करतात. ती रिपीटरपेक्षा शहाणी असतात, पण मधला दुवा वायफायचाच असेल तर स्लॅब त्यांनाही चुकत नाही. तीच उपकरणं केबलनं एकमेकांना जोडली, तर त्यांचं खरं सामर्थ्य दिसतं.

तिसरी वाट घरातल्या विजेच्या तारांतून डेटा नेणाऱ्या पॉवरलाइन ॲडॅप्टरची. आपल्याकडच्या थ्री-फेज घरांत बऱ्याचदा एक मजला एका फेजवर आणि दुसरा दुसऱ्या फेजवर असतो. अशा ठिकाणी हे ॲडॅप्टर नीट चालत नाहीत. स्पाइक गार्डमध्ये लावले तरी अडखळतात. विकत घेण्याआधी परत घेण्याची अट पक्की करून घ्यावी.

चौथी वाट केबलची. ती टाकायला एकदा कष्ट पडतात, पण नंतर वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही.

केबल टाकताना

बाजारात ‘कॅट-६’ म्हणून मिळणाऱ्या केबलच्या आत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. अशी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, म्हणजे कुठल्याही बंगल्याला ती पुरून उरते. विकत घेताना तारा शुद्ध तांब्याच्या आहेत ना, हे विचारावं. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ती वजनाला हलकी लागते, आणि तार ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी दिसते. अशी तार वाकवताना लवकर तुटते आणि सांध्याशी खराब होते. भिंतीत किंवा पाइपात घालण्याच्या केबलमध्ये काटकसर करू नये.

केबलच्या टोकाला प्लग बसवणं हे काम इलेक्ट्रिशियन करतोच, पण ते नीट झालंय का हे आपल्याला कळायला हवं. बाहेरचं आवरण इंचभर सोलायचं. चारही जोड्या उलगडून तारा सरळ करायच्या आणि डावीकडून या क्रमानं लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टोकं अर्ध्या इंचावर एका रेषेत कापायची, प्लगची चाप खालच्या बाजूला ठेवून तारा शेवटपर्यंत आत सरकवायच्या आणि क्रिंपिंगच्या पकडीनं दाबायचं. प्लगच्या पुढच्या पारदर्शक कडेतून आठही तांब्याची टोकं दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे.

या क्रमात हिरव्याची जोडी निळ्या जोडीच्या दोन बाजूंना विभागलेली दिसते. काही जण सोपं म्हणून एकेक जोडी शेजारी शेजारी लावतात आणि दुसऱ्या टोकालाही तसंच करतात. टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात आणि काम झालंसं वाटतं. पण तिसरी आणि सहावी पिन एका जोडीच्या असाव्यात ही उपकरणाची अपेक्षा असते. त्या वेगवेगळ्या जोड्यांच्या झाल्या की पीळ निरुपयोगी ठरतो, गोंगाट शिरतो आणि लांब केबलवर वेग कोसळतो. म्हणून दिव्यांबरोबर रंगही तपासावेत. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. सगळी उपकरणं गिगाबिटची असताना कॉम्प्युटर १०० चाच वेग दाखवत असेल, तर एखादी तार नीट बसलेली नाही असं समजावं.

केबल विजेच्या तारांबरोबर एकाच पाइपात घालू नये. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. घरात मोकळा पाइप नसेल तर जिन्याच्या कडेनं प्लास्टिकच्या पट्टीतून केबल नेता येते. बाहेरच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत न्यायची असेल तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल घ्यावी. साधी केबल उन्हानं दोन-चार वर्षांत तडकते. खिडकीतून आत घेताना खाली एक वळसा सोडावा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता वळशावरून खाली गळून जातं. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की बाहेरून गेलेल्या केबलची दोन्ही टोकं काढून ठेवावीत.

जुन्या राउटरला नवं काम

केबल वर पोचली की तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलनं आलेलं नेटवर्क वायफायनं पसरवणारं उपकरण, लावायचा. तो नवा मिळतो, पण अनेक घरांत पडून असलेला जुना राउटरही हे काम करतो. इथेच बहुतेक लोक अडकतात, म्हणून थोडं सावकाश पाहू.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१५. हे पत्ते वाटण्याचं काम मुख्य राउटर करतो, त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. मुख्य राउटरचा स्वतःचा पत्ता समजा १९२.१६८.१.१ आहे. जुन्या राउटरलाही कारखान्यातून तोच पत्ता मिळालेला असू शकतो आणि त्यालाही पत्ते वाटायची सवय असते. दोघांनी पत्ते वाटले की काही मोबाइल भलत्याच राउटरकडे इंटरनेट मागत बसतात आणि नेट येत-जात राहतं.

म्हणून जुना राउटर आधी सुटा ठेवून एका कॉम्प्युटरला जोडा. रिसेट करा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा, आणि हा पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीत येणार नाही हे बघा. त्याचं डीएचसीपी बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका. मग खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाचा, इंटरनेट किंवा वॅन लिहिलेला पोर्ट रिकामा ठेवा.

हा पोर्ट का टाळायचा? त्यात केबल लावली तर जुना राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. वर इंटरनेट चालतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण वरचा कॉम्प्युटर एका नेटवर्कमध्ये आणि खालचा प्रिंटर दुसऱ्यात राहतो, आणि खालच्या कॉम्प्युटरला वरचा कॉम्प्युटर सापडत नाही. इंटरनेट चालतंय आणि प्रिंटर दिसत नाही अशी तक्रार असेल, तर आधी हा पोर्ट पाहावा. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारं कुणी भेटलेलंच नाही. केबल किंवा डीएचसीपी तपासा.

दोन्ही मजल्यांवर वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, म्हणजे मोबाइल वर-खाली जाताना आपोआप जागा बदलतो. चॅनेल मात्र वेगळे ठेवावेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. खाली १, वर ६, गच्चीवर ११ अशी वाटणी करावी आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदी चालते. आता प्रत्येक मजल्यावर स्वतःचा ॲक्सेस पॉइंट आहे, म्हणून स्लॅबपलीकडे न पोचणारा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे गुणाचा ठरतो: तो आपल्या मजल्यापुरता राहतो आणि दुसऱ्या मजल्याला त्रास देत नाही. शेजाऱ्यांनाही नाही. वर गेल्यावरही मोबाइल खालच्याच राउटरला चिकटून राहत असेल, तर खालच्या राउटरची शक्ती एक पायरी कमी करून पाहावी.

टेबलावर कायम राहणारा कॉम्प्युटर, टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर शक्यतो केबलनंच जोडावेत. जे हलत नाही ते तारेवर गेलं की हवा मोबाइल आणि लॅपटॉपसाठी मोकळी राहते.

एकमेकांना दिसणं आणि परक्यांपासून लपणं

विंडोज कॉम्प्युटर नव्या नेटवर्कला जोडला की ते खासगी आहे की सार्वजनिक, हे ठरवावं लागतं. घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ निवडावं, नाहीतर फोल्डर आणि प्रिंटर शेअर करूनही दुसऱ्याला दिसत नाहीत. प्रिंटरला मुख्य राउटरमधून कायमचा पत्ता नेमून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो हरवत नाही.

सुरक्षेच्या गोष्टी थोड्या आहेत, पण टाळू नयेत. १९९७ ची डब्ल्यूईपी ही वायफाय सुरक्षित करण्याची पद्धत २००१ मध्येच फोडता आली होती, ती वापरूच नये. २००४ ची डब्ल्यूपीए-२ किमान हवी. २०१८ ची डब्ल्यूपीए-३ उपकरणांना चालत असेल तर ती निवडावी. जुन्या राउटरवर बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी, कारण तिच्या पिनमधली कमजोरी २०११ मध्ये उघड झाली. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातला असेल तर बदलावा, दोन्ही राउटरचा. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवावं. गेस्टवरून घरातला प्रिंटर दिसत नाही, आणि तो दिसू नये हाच त्याचा हेतू आहे. फक्त जुन्या राउटरवरच्या गेस्ट नेटवर्कवर विसंबू नये: ॲक्सेस पॉइंट म्हणून चालताना ते अनेकदा घरच्याच जाळ्यात उघडतं.

वीज जाणाऱ्या भागात एक गोष्ट आठवणीनं करावी. मुख्य राउटर आणि वरचा ॲक्सेस पॉइंट, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत किंवा दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. व्होल्टेज आणि अँपिअर राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेलं असतं, ते जुळवूनच घ्यावं.

घर बांधणाऱ्यांसाठी

तयार घरात केबल वर नेणं जमतं, पण पट्ट्या लावाव्या लागतात, भिंत फोडावी लागते. स्लॅब भरायच्या आधी हेच काम अर्ध्या तासाचं असतं. तुमचं घर सध्या उभं राहत असेल, तर कंत्राटदाराशी आणि वायरमनशी आजच बोला. तळमजल्यावर राउटरची जागा ठरवा आणि तिथून प्रत्येक मजल्याच्या मध्यभागी, शक्यतो छताला, २५ मिलिमीटरचा एक स्वतंत्र पीव्हीसी पाइप टाकायला सांगा. तो विजेच्या पाइपांपासून वेगळा ठेवा, वळणं कमी आणि मोठी ठेवा, आत एक ओढतार सोडून दोन्ही टोकं बंद करा. रस्त्याकडच्या बाजूनं राउटरच्या जागेपर्यंत फायबरसाठीही असाच एक पाइप ठेवा. पाइपाला लागणारा पैसा फरशीच्या एका खोक्याच्या आसपास असेल. वायफायची मानकं दर काही वर्षांनी बदलतात, उपकरणं बदलतात, पण रिकामा पाइप प्रत्येक नव्या केबलला जागा देतो. घराचा नकाशा मंजूर करून घेताना नळ आणि विजेच्या रेषांबरोबर ही एक रेषाही त्यावर काढून घ्या.